मुंबईतील निरामिष चिनी भोजनाची कुळकथा

चिनी मनुष्य भूमीवर चालणारे, पाण्यात पोहणारे आणि आकाशात उडणारे यच्चयावत् प्राणी भक्षण करतो, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल होऊन बसली आहे की, 'शाकाहारी चिनी भोजन' हे शब्द एकत्र ऐकताच जुन्या वळणाच्या एखाद्या सोवळ्या गृहस्थास त्यात वदतोव्याघात दिसावा, यात नवल नाही. तथापि त्याच गृहस्थाचा नातू रविवारच्या सायंकाळी गिरगावात, घाटकोपरात वा विलेपार्ल्यास सहकुटुंब बाहेर पडतो आणि चांगले चायनीज, तेही शुद्ध शाकाहारी, कोठे मिळेल याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो, तेव्हा आपण काही विसंगत मागत आहोत अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. या मागणीचे कुळ शोधू गेल्यास ते एकीकडे गुप्तकालीन मध्यदेशापर्यंत आणि दुसरीकडे चर्चगेटजवळच्या एका क्रिकेट क्लबाच्या मुदपाकखान्यापर्यंत जाऊन पोहोचते. आणि विशेष हे की, या दोन शाखांची एकमेकींशी ओळख आजतागायत झालेली नाही. त्या न झालेल्या ओळखीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम चीनकडील शाखा घेऊ. इ. स. ३९९ मध्ये चांगआन नगर सोडून विनयग्रंथांच्या शोधार्थ भरतखंडात आलेल्या फाहियान या भिक्षूने मध्यदेशाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात, त्या देशीचे लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत आणि चांडाळांवाचून कोणी कांदा-लसूण खात नाही, असे सांगितले आहे. त्याच्यामागून सव्वादोनशे वर्षांनी आलेल्या ह्युएनत्संगानेही इकडे कांदा-लसणाचा वापर अल्प असून ते खाणारास नगराच्या वेशीबाहेर घालवून देतात, अशी नोंद केली आहे. दोघांच्याही लेखणीस श्रद्धेचा थोडा रंग चढलेला असणे संभवनीय आहे, कारण तीर्थयात्रेस निघालेल्या मनुष्याला पुण्यभूमीत अमंगल असे फारसे काही दिसत नाही. परंतु जे त्यांनी पाहिले, किंवा पाहिले असे त्यांस वाटले, ते त्यांच्या देशबांधवांनी प्रमाण मानले, हे इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. हाच ह्युएनत्संग पुढे ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि येथील लोकांच्या मानी, उपकार स्मरणाऱ्या व अपकार न विसरणाऱ्या स्वभावाविषयी त्याने काढलेले उद्गार मराठी वाचकास सुपरिचित आहेत. भारताच्या वाटेवर असताना कूचाच्या राजाने त्याच्यापुढे 'त्रिकोटिपरिशुद्ध' मांस, म्हणजे आपल्यासाठी मारलेले आपण पाहिले नाही, ऐकले नाही व तशी शंकाही आली नाही असे मांस, वाढले असता त्याने ते नाकारले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

या नकाराच्या मागे ग्रंथप्रामाण्य होते. भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे हा आरंभीच्या संघाचा दस्तूर. मांसाचा सर्वथा निषेध करणारा पक्ष पुढे महायानात प्रबळ झाला, आणि त्या पक्षाचा आधार जे लंकावतारसूत्र, ते गुणभद्र नामक मध्यदेशीय पंडिताने इ. स. ४४३ मध्ये चिनी भाषेत नेले. ग्रंथ गेला तरी आचार जातोच असे नाही. आचार रुजावयास राजाश्रय लागतो, आणि तो लियांग वंशातील सम्राट वू याने दिला. ५०२ पासून ५४९ पर्यंतच्या आपल्या दीर्घ कारकीर्दीत या सम्राटाने स्वतः मांस वर्ज्य केले, भिक्षू व भिक्षुणी यांस मद्य-मांसाची मनाई करणारे निबंध लिहिले, आणि ५१७ मध्ये राजकुलाच्या पितृपूजेत व देवपूजेत पशूंचा बळी बंद करून त्यांच्या जागी कणकेच्या आकृती अर्पाव्यात असे फर्मान काढले. आपल्याकडील याज्ञिकांच्या व जैनांच्या वादांत ज्या पिष्टपशूची चर्चा शतकानुशतके चालली, तो पिष्टपशू असा चीनच्या राजमंदिरात जाऊन बसला. या अहिंसक सम्राटाचा अंत बंडखोरांच्या ताब्यात गेलेल्या राजवाड्यात अन्नावाचून झाला. दैवाला अशा प्रसंगी औचित्याची चाड नसते.

भिक्षूंनी मांस सोडले म्हणजे मठातील आचाऱ्यास काम लागले, आणि त्याने जे उद्योग केले ते जगाच्या पाकशास्त्रात अपूर्व आहेत. सोयाबीनच्या दुधास विरजून केलेला तोफू हुआयनानच्या लिउ आन या राजपुत्राने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शोधून काढला अशी आख्यायिका आहे. लेखी उल्लेख मात्र दहाव्या शतकातला मिळतो. त्याहून नवलाचा पदार्थ म्हणजे गव्हाचे सत्त्व. कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धूत राहिले की त्यातील पिठूळ भाग वाहून जातो आणि मागे एक चिवट, ताणला असता ताणला जाणारा गोळा उरतो. आपल्या बायका कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक घेतात आणि चोथा गुरांपुढे टाकतात. चिनी भिक्षूने जणू उलटा व्यवहार केला, चीक जाऊ दिला आणि आपण ज्याची किंमत केली नाही त्या चिवट भागापासून मांसाच्या पोताची नक्कल साधली. तोफूची वाळवलेली साय, सुकविलेल्या अळंब्या, बांबूचे कोंब, कमळाचे कंद आणि हे गव्हाचे सत्त्व यांच्या संयोगाने बदक, मासा, कोंबडी यांची हुबेहूब रूपे मठाच्या ताटात अवतरू लागली. ज्याने मासा सोडला त्याला माशाच्या आकाराचा तोफू कशाला हवा, असा प्रश्न आपल्या शाकाहारी वाचकास पडेल, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, ते ताट भिक्षूसाठी नव्हतेच. पितरांच्या नावे विधी करविण्यास येणारा, मठास देणग्या देणारा यजमान हा घरी मांस खाणारा असे आणि त्याचा पाहुणचार त्याच्या इतमामास साजेल असा होणे मठाच्या हिताचे असे. तेराव्या शतकात दक्षिण सुंग राजांच्या हांगचौ नगरीत मठाबाहेरही अशा शाकाहारी भोजनगृहांचा धंदा चालत असल्याचे तत्कालीन नगरवर्णनांवरून दिसते. आणि या परंपरेचा आधुनिक वारसा सांगणारे शांघायचे कुंगतलिन हे भोजनगृह १९२२ साली उघडले.

एक गोष्ट येथे बारकाईने लक्षात ठेवावयाची आहे, कारण पुढे तिचे काम पडेल. चिनी मठाने मांसाबरोबर पाच उग्रगंधी वनस्पतीही वर्ज्य मानल्या. लसूण, कांद्याच्या जातीतील तीन पातीच्या व कंदाच्या वनस्पती, आणि हिंग. कच्चे खाल्ले तर क्रोध वाढतो, शिजवून खाल्ले तर काम वाढतो, असा त्याचा शास्त्रार्थ.

आता मुंबईकडे वळू. या बंदराचा चीनशी संबंध जितका जुना तितकाच तो केवळ नफ्या-तोट्याचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गुजराथचा कापूस आणि पुढे माळव्याची अफू मुंबईच्या गोदीतून कँटनकडे जाई, आणि परतीच्या गलबतांतून चहा, रेशीम, साखर व चिनी मातीची भांडी येत. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तारुण्यात चीनच्या पाच सफरी केल्या आणि त्या व्यापारातील संपत्तीतून मुंबईस इस्पितळे व शाळा लाभल्या. पारशी स्त्रियांच्या गारा साड्यांवर चिनी भरतकामातील पक्षी आणि फुले आली. पारशी घरांत चिनी फुलदाण्या आल्या. परंतु इतक्या दीर्घ परिचयात चिनी स्वयंपाकघरातील एकही पदार्थ मुंबईच्या हिंदू ताटात उतरल्याचे दिसत नाही. ज्या राष्ट्राला अफू विकून आपण गबर झालो त्याचे अन्न चाखून पाहण्याची जिज्ञासा आपल्याला शंभर वर्षांत झाली नाही, हे काही फारसे भूषणावह नाही.

महाराष्ट्रभूमीवर चिनी हाताने पिकविलेले अन्न पहिल्याने आले ते मुंबईत नव्हे, महाबळेश्वरी, आणि ते शाकाहारीच होते. १८३० नंतरच्या दशकात मुंबई सरकारने मलाक्का व सिंगापूर बाजूच्या ब्रिटिश मुलखांतून हद्दपार केलेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवले, आणि गिरिस्थानावर हवा खाण्यास येणाऱ्या साहेबलोकांच्या मेजासाठी भाजीपाला पिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. बटाटे व नाना प्रकारच्या विलायती भाज्या यांची लागवड तेथे वाढली ती बरीचशी या कैद्यांच्या मेहनतीने. वेताच्या टोपल्या विणण्याचे कसबही त्यांच्याच हातचे. तुरुंग १८६४ साली मोडला, परंतु मुदत भरलेल्या काही जणांनी तेथेच मळे केले, आणि त्या मळ्यांशेजारच्या धबधब्यास चायनामनचे नाव कायमचे चिकटले. आज महाबळेश्वरी गाजरे व मुळे विकत घेणाऱ्या प्रवाशास त्या हद्दपारांचे स्मरण होत नसले तर दोष त्याचा नाही. त्यांची हकीकत सरकारी दप्तराबाहेर कोणी सांगितलीच नाही.

मुंबईत चिनी वस्ती झाली ती मुख्यतः गोदीच्या आश्रयाने. खलाशी, सुतार, चांभार, दातांचे वैद्य आणि रेशमाची गाठोडी घेऊन दारोदार फिरणारे फेरीवाले अशा लोकांची ही लहानशी वसाहत माझगाव, कामाठीपुरा व शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास राहिली. माझगावात १९१९ साली त्यांनी बांधलेले क्वान कुंग या वीरदेवतेचे देऊळ अद्याप उभे आहे, आणि अँटॉप हिलला त्यांची दफनभूमी आहे. कलकत्त्याच्या मानाने ही वस्ती अगदीच तुटपुंजी. तिकडे अठराव्या शतकाच्या अखेरीसच अचिपूरला चिनी मनुष्याचा साखरेचा कारखाना निघाला होता, आणि पुढे टँग्रा येथे हक्का लोकांनी कातडी कमावण्याचा धंदा इतका वाढविला की, एक संपूर्ण चिनी उपनगरच तेथे वसले. मुंबईत चिनी भोजनगृह म्हणून नाव मिळविणारी पहिली ठिकाणे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे निघाली. चर्चगेटचे कमलिंग १९३० च्या दशकाच्या अखेरीचे, आणि कुलाब्याचे नानकिंग त्यानंतरचे. त्यांचा स्वयंपाक कँटनी वळणाचा, सौम्य, वाफेवर व मंद रसात शिजलेला. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे गोरे अधिकारी, पारशी, ख्रिस्ती, बंदरातील परदेशी, आणि सिनेमासृष्टीतील हौशी मंडळी. त्याच सुमारास, १९४२ साली, माटुंग्यास रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले होते आणि मुंबईचा शाकाहारी नोकरवर्ग तेथे केळीच्या पानावर सुखाने जेवत होता. चर्चगेट आणि माटुंगा यांच्यामध्ये आगगाडीची काही स्टेशने असतील. भोजनाच्या दृष्टीने त्यांच्यामध्ये समुद्र होता.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने या चिनी वस्तीवर घाला घातला. संरक्षण कायद्याखाली चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांस, ज्यांतील कित्येकांचा जन्म याच भूमीवर झाला होता, राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत आसाम व बंगालकडील लोकांचा भरणा अधिक होता, परंतु संशयाची छाया मुंबईतील कुटुंबांवरही पडली. जे उरले त्यांतील पुष्कळांनी देश सोडून कॅनडा वगैरे ठिकाणी स्थलांतर केले. जे राहिले त्यांना जगण्यासाठी असा एक धंदा हवा होता ज्यात त्यांचे चिनीपण लोकांना भिववणार नाही, उलट आकर्षील. भोजनगृह हा तो धंदा. यापुढील काळात या लोकांनी आपला स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे इतका वाकविला, त्याचे मूळ या भीतीत व या गरजेत आहे, असे मला वाटते; त्यास केवळ चवीची तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल.

१९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन उघडले आणि सेचवान प्रांताचा झणझणीत पाक मुंबईच्या धनिकांस कळला. कँटनी सौम्यतेपेक्षा हा तिखटपणा भारतीय जिभेस जवळचा वाटला, हे स्वाभाविक होते. त्यानंतर १९७५ साली कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात, काही नवे करून द्या या मागणीवरून, कोंबडीच्या तुकड्यांस मक्याच्या पिठाचा लेप देऊन ते तळले, आणि आले, लसूण व हिरव्या मिरच्या परतून त्यात सोया सॉस व मक्याचे पीठ घालून केलेल्या दाट रसात ते सोडले. त्यास त्यांनी मंचुरियन म्हटले. मंचुरिया प्रांतात असा पदार्थ कोणी खाल्लेला नाही, आणि खाल्ल्यास त्याला तो बहुधा भारतीयच वाटेल, कारण त्याची रचना सरळसरळ आपली आहे: आधी फोडणीतला मसाला, मग तळलेला जिन्नस, मग दाट रस्सा. वाँग यांनी पुढे केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढून ऐश्वर्य मिळविले.

या मंचुरियनातून कोंबडी निघून भाजी केव्हा आली, याची तिथी कोठल्या बखरीत नाही. पण ती का आली याचे उत्तर मुंबईच्या लोकवस्तीत आहे. ज्या वर्गाच्या हाती त्या काळी नव्याने पैसा खेळू लागला होता आणि ज्याला सहकुटुंब हॉटेलात जाण्याची हौस होती, तो वर्ग मोठ्या प्रमाणावर गुजराती, मारवाडी व जैन होता. या गिऱ्हाइकाला चिनी भोजनाची नवलाई हवी होती, पण ज्या कढईत कोंबडी परतली त्या कढईतले काही नको होते. मंचुरियनची खुबी अशी की, त्याची सारी चव रसात आहे आणि तळलेला गोळा हे केवळ वाहन आहे. त्यामुळे आतील कोंबडी काढून फ्लॉवरचा तुरा किंवा किसलेला कोबी, गाजर व मैदा यांचा गोळा ठेवला तरी पदार्थाचे फारसे बिघडत नाही. दक्षिणेत फ्लॉवर रूढ झाला, मुंबईत कोबीचा गोळा. गंमत अशी की, या ताटातील भाज्यांत चिनी असे काहीच नाही. फ्लॉवर इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आणला, कोबी युरोपचा, ढोबळी मिरची, फरसबी आणि रस दाट करणारे मक्याचे पीठ ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. सोया सॉसची बाटली तेवढी चिनी कुळातली, आणि तीही आता बहुधा भारतीय कारखान्यात भरलेली असते.

चीनमध्ये मठाच्या आचाऱ्याने शाकान्नाला मांसाचे रूप दिले. मुंबईत मांसान्नातून मांस काढून त्याचा रस तेवढा शाकान्नास बहाल करण्यात आला. दिशा नेमक्या उलट आहेत. पहिल्यात भाजी ही नायिका, तिला नाना सोंगे घ्यावी लागतात. दुसऱ्यात भाजी पोटभाडेकरू, आधीच्या कुळाची जागा रिकामी झाली म्हणून आत आलेली. मुंबईच्या बहुतेक शाकाहारी चिनी भोजनात भाजीची स्वतःची चव शोधून सापडत नाही, त्याचे कारण आचाऱ्याच्या आळसात नाही, या उत्पत्तीत आहे.

प्रसार मात्र विलक्षण झाला. उडुपी हॉटेलांनी इडली-डोशाच्या खाली 'चायनीज' असे वेगळे सदर छापले, आणि दहा-पंधरा वर्षांत ते सदर मूळ यादीहून लांब झाले. रस्त्यावरच्या लाल रंगाच्या, ड्रॅगनचे चित्र काढलेल्या गाड्यांवर कढईखाली भडकणारी ज्योत हीच जाहिरात ठरली. हक्का नूडल्स, मंचाव सूप, ट्रिपल शेजवान राइस, व्हेज क्रिस्पी ही नावे मुंबईच्या शाळकरी मुलास तोंडपाठ झाली. तळलेल्या नूडल्सवर कोबी, कांदा व लाल चटणी घालून चायनीज भेळ निघाली आणि डोशाच्या पोटात शेजवान चटणी गेली. या सृष्टीस हिणवण्याची एक चाल सुशिक्षितांत आहे, आणि ती मला मान्य नाही. चायनीज भेळ हा एक चांगला मुंबईकर पदार्थ आहे. त्याने चिनी असल्याचा दावा करू नये एवढेच.

या कथेतील खरी रसभरित जागा आहे ती जैन चायनीजची. वाळकेश्वर, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील शाकाहारी हॉटेलांत गिऱ्हाइकाने 'जैन' एवढा एकच शब्द उच्चारला की, आत कांदा, लसूण, आले, बटाटा, गाजर, मुळा आणि अळंबी ही सर्व बाजूस सारली जातात. उरते काय? कोबी, ढोबळी मिरची, फरसबी, मक्याचे दाणे, पनीर, कच्ची केळी. आणि पर्युषणाच्या दिवसांत हिरव्या भाज्याही गेल्या म्हणजे त्यांतीलही निम्मे. चिनी पाककृतीचा पाया जो आले-लसणाचा, तोच काढून घेतल्यावर इमारत उभी ठेवणे हे काही साधे काम नाही, आणि या उपनगरांतील निनावी आचाऱ्यांनी ते गेली काही दशके रोज करून दाखविले आहे. ते सोया सॉस जरा अधिक वापरतात, मिरी वाढवितात, सेलरीची पाने घालतात, आणि कोणी कोणी चिमूटभर हिंगही.

आता वाचकाने मठातील त्या पाच उग्रगंधी वनस्पतींचे स्मरण करावे. कांदा-लसूण वर्ज्य करून निव्वळ शाकान्नावर चिनी भोजन सजविण्याची ही जी कसरत घाटकोपरचा आचारी स्वतःची समजून करतो आहे, ती सम्राट वूच्या काळापासून चिनी मठांत चालू आहे. तिच्यासाठी तेथे तोफू आहे, गव्हाचे सत्त्व आहे, वाळक्या अळंब्यांचा सुगंधी रस आहे, आणि दीड हजार वर्षांचा अनुभव आहे. तो आचार मध्यदेशातून चीनकडे गेला, तेथे पाकशास्त्र झाला, आणि ज्या भूमीतून तो गेला त्या भूमीतील लोक आज त्याच अटींवर चिनी अन्न मागत असता त्यांना त्या पाकशास्त्राचा पत्ताही नाही. जैन आणि बौद्ध मतांच्या कारणमीमांसा भिन्न आहेत, हे मान्य. जैन कंद टाळतो तो त्यातील अनंत जीवांच्या दयेने, भिक्षू लसूण टाळतो तो विकारांच्या भयाने. म्हणूनच हिंगापाशी त्यांच्या वाटा फुटतात: कांदा-लसणाची उणीव भरून काढण्यास जैन गृहिणी हिंग घेते, आणि भिक्षू त्या हिंगासही दारात उभे करीत नाही. अळंबीचेही तसेच, मठाच्या पाकशाळेचा जो प्राण, तो जैन ताटात निषिद्ध. पण तोफू व गव्हाचे सत्त्व यांना दोन्हीकडे मज्जाव नाही, आणि तेच मुंबईच्या ताटात अभावानेच आढळतात. त्यांची जागा पनीराने घेतली आहे. पनीर हा उत्तम पदार्थ असला तरी सोया सॉसमध्ये तो नेहमीच परक्या गावी आल्यासारखा वागतो.

दुसरी न झालेली ओळख शेजवानची. सेचवान प्रांताच्या पाकाचे वैशिष्ट्य केवळ लाल मिरची नव्हे. मिरची तर तेथे अमेरिकेहून आलेली, आपल्याकडच्यासारखीच. तेथील खास जिन्नस म्हणजे एका काटेरी झाडाचे सुगंधी फळ, ज्याच्या सालीने जीभ बधिर होऊन झिणझिण्या येतात. मुंबईच्या शेजवान चटणीत ते नाही. तेथे भरपूर लसूण आणि लाल मिरची यांनी काम भागविले आहे. या झाडाचे सख्खे चुलत भावंड म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातील तिरफळ, जे बांगड्याच्या आमटीत आणि कित्येक सारस्वत घरी डाळीच्या आमटीतही पडते. मालवण, वेंगुर्ल्याकडील किती आचारी आज मुंबईच्या हॉटेलांत शेजवान राइस परतत असतील! त्यांच्या आईच्या फडताळातील बरणीत जो जिन्नस पडून आहे, नेमका तोच त्यांच्या कढईत पडावयास हवा होता.

राहिला शोध घेणाराचा व्यवहार. ज्यांना केवळ शुद्धता हवी आहे त्यांची मुंबईत आता कोठेही गैरसोय नाही. 'शुद्ध शाकाहारी' पाटी पाहावी आणि आत शिरावे. जेथे दोन्ही प्रकारचे पदार्थ होतात तेथे मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. सूपचे पाणी कोंबडीच्या हाडांचे आहे काय, सॉस कालवांचा आहे की अळंबीचा, आणि नूडल्समध्ये अंडे आहे काय. कारण यादीवर 'व्हेज' छापलेले असूनही या तीन वाटांनी सामिष जिन्नस आत येऊ शकतो. ज्यांना शुद्धतेबरोबर चीनही हवा आहे, त्यांनी यादीत तोफू किती ठिकाणी आला आहे, पालेभाजीचा एखादा पदार्थ नुसत्या आल्याच्या रसात परतून देतात की नाही, वाफवलेले काही आहे की सारेच तळलेले, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी निराशा पदरी येईल. चांगले शाकाहारी चिनी भोजन या शहरात मिळते ते, माझ्या अनुभवाने, शाकाहाराचा डंका पिटणाऱ्या ठिकाणी कमी आणि जुन्या चिनी घराण्यांनी चालविलेल्या सामिष भोजनगृहांत अधिक; कारण भाजी शिजविण्याचे कसब त्यांच्या हातात पिढीजात आहे. पण तेथे सोवळे गिऱ्हाईक पाऊल ठेवणार नाही, आणि जेथे ते जाते तेथे ते कसब नाही. ही मुंबईतील शाकाहारी चिनी भोजनाची आजची स्थिती आहे.

सबब घाटकोपरच्या किंवा विलेपार्ल्याच्या एखाद्या शाकाहारी हॉटेलाच्या मालकास विनंती आहे. आपल्या आचाऱ्यास कांदा-लसणावाचून काम करण्याची सवय आहेच. त्याने एकदा चांगला घट्ट तोफू आणून, कुटलेले तिरफळ व लाल मिरची तेलात किंचित परतून, सोया सॉसबरोबर तो शिजवून पाहावा, आणि यादीत 'जैन' सदराखाली त्यास जागा द्यावी. गिऱ्हाईक दारात उभेच आहे.